केसाच्या मुळाशी जाणारे निरोप

परभणीहून जिंतूरकडे जाताना रस्त्यावर झरी नावाचे गाव लागते. त्या गावचा एक मुलगा अकरावीला माझ्या वर्गात आहे. दिवाळीची सुटी संपल्यावर तो एक रंगीत पत्रक घडी करून खिशात घालून आला. पत्रकावर एकाच माणसाच्या डोक्याची दोन चित्रे होती, एक तुळतुळीत आणि एक दाट केसांचे. खाली 'ग्रोथ फॅक्टर उपचार' असे मोठ्या अक्षरांत छापले होते.

"सर, ह्यात काही खरं आहे का? दादा सोयाबीनच्या पट्टीतून पैसे भरायलाय."

दादाचे वय चोवीस. येत्या उन्हाळ्यात त्याचे लग्न करावे असे घरात चालले आहे, आणि नेमके दसऱ्यापासून त्याचे केस मुठीमुठीने गळू लागले आहेत. मी भौतिकशास्त्र शिकवतो. केसांच्या बाबतीत माझे ज्ञान कंगव्यापुरतेच होते. पण प्रश्न पैशाचा होता आणि घाईचा होता, म्हणून मी प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले, पुस्तके उघडली, आणि जे हाती आले ते आता तुमच्यापुढे ठेवतो.

रोज शंभर केस गेले तर?

विद्यार्थी मित्रांनो, उद्या सकाळी एक प्रयोग करा. उशीवरचे, कंगव्यातले आणि न्हाणीघराच्या जाळीवरचे सगळे केस गोळा करून मोजा. पन्नास ते शंभर भरले तर घाबरू नका. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केसाचे आयुष्य सरासरी १००० दिवस धरले, तर रोज गळणाऱ्या केसांची संख्या १,००,००० ÷ १,००० = १०० येते. तितकेच नवे उगवत असतात, म्हणून डोके भरलेले दिसते. हौदात जितके पाणी येते तितकेच बाहेर जात असेल, तर पातळी हलत नाही, तसेच हे आहे.

आता दुसरा हिशेब. केस दिवसाला सुमारे ०.३५ मिलिमीटर वाढतो. डोक्यावरच्या दहांपैकी नऊ केस कोणत्याही वेळी वाढत असतात, म्हणजे ९० हजार केस. गुणाकार केला तर दिवसाला ३० मीटरांहून अधिक, वर्षाला ११ किलोमीटरांहून अधिक धागा तुमचे डोके कातत असते! एवढा माल तयार करणारा कारखाना कच्च्या मालाला आणि सूचनांना फार संवेदनशील असणार, हे ओघानेच आले.

हा कारखाना म्हणजे केसाचे मूळ, शास्त्रीय भाषेत केशपुटक. कांद्याचा छोटासा गड्डा डोळ्यांपुढे आणा. गड्ड्याच्या तळाला आत दबलेला एक खळगा असतो आणि त्या खळग्यात पेशींचा एक बारीक गोळा बसलेला असतो. त्याला अंकुरक म्हणतात. केस प्रत्यक्ष तयार होतो तो गड्ड्यातील भराभर विभागणाऱ्या पेशींपासून. पण विभागा किंवा थांबा हा हुकूम बराचसा ह्या अंकुरकाकडून सुटतो.

शेतातली सगळी ज्वारी एकदम पेरली जाते आणि एकदम काढली जाते. डोक्यावरच्या शेताची रीत निराळी आहे. तिथे प्रत्येक रोपाचा हंगाम स्वतंत्र. एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आक्रसते, नंतर सुमारे तीन महिने तो नुसता अडकून बसतो आणि शेवटी गळतो. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो. 'मुळासकट उपटून आला' असे म्हणून लोक हळहळतात. तो ठिपका म्हणजे मूळ नव्हे. विसावलेल्या केसाची ती वाळलेली गाठ असते. मूळ जागच्या जागी असते आणि नव्या केसाच्या तयारीला लागलेले असते.

विश्रांतीचे हे तीन महिने लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

उंदराचे डोळे लवकर उघडले

एका पेशीने दुसरीला हुकूम द्यायचा म्हणजे काय करायचे? पेशींना तोंड नाही. त्या लहान लहान प्रथिने बाहेर सोडतात. समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या प्रथिनाच्या आकाराला नेमके जुळणारे ग्राहक असतात. प्रथिन तेथे जाऊन बसले की पेशीच्या आत हालचाल सुरू होते. ह्या निरोप्या प्रथिनांपैकी काहींना 'ग्रोथ फॅक्टर' असे नाव पडले. आपण त्यांना वृद्धिघटक म्हणू.

त्यांचा शोध मोठा गमतीचा आहे. रिटा लेव्ही-मॉन्टालचिनी ह्या इटालियन विदुषीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ज्यू म्हणून विद्यापीठाचे दार बंद झाल्यावर, झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांचे मज्जातंतू तपासले. पुढे अमेरिकेत त्यांनी मज्जातंतूंना वाढायला लावणारा घटक शोधला. त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन ह्यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला. उंदराच्या पिलाचे डोळे एरवी तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात. ह्या पिलांचे ते सातव्या दिवसाच्या सुमारासच उघडले. दातही लवकर आले. कोहेन ह्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर 'अर्कात भेसळ असेल' म्हणून त्याने विषय सोडून दिला असता. त्यांनी तो धरून ठेवला आणि १९६२ मध्ये तो घटक वेगळा काढल्याचे प्रसिद्ध केले. त्वचेच्या वरच्या थराला, म्हणजे बाह्यत्वचेला, वाढवणारा म्हणून तो 'एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर' झाला. ह्या कामासाठी दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, त्वचा वाढवणारा घटक केसही वाढवील. मलाही तसेच वाटले होते. पण ऑस्ट्रेलियात काय झाले ते पाहा.

सुगी झाली की आपल्याकडे धनगरांचे कळप रानात बसवतात. मेंढीला आडवी धरून कातरीने लोकर काढताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ऑस्ट्रेलियात मेंढ्या कोट्यवधी आणि कातरणारे हात थोडे. तेथील शास्त्रज्ञांनी हाच बाह्यत्वचेचा वृद्धिघटक मेंढीला टोचला. लोकर दाट व्हावी म्हणून नव्हे, तर ती गळावी म्हणून! इंजेक्शन दिल्यावर केसाच्या मुळातील पेशींचे विभाजन थोडा वेळ मंदावते, त्या वेळी तयार झालेला धाग्याचा भाग बारीक आणि कच्चा राहतो, आणि तेथूनच लोकर तुटते. मेंढीला आधी जाळी घालून ठेवायची. लोकर जाळीत साठते. काही आठवड्यांनी जाळी उघडून सगळी लोकर एकसंध काढून घ्यायची. ही पद्धत १९९८ मध्ये 'बायोक्लिप' ह्या नावाने बाजारात आली.

म्हणजे नावात 'वृद्धी' असलेल्या एका घटकाने मेंढीचे टक्कल केले. नाव पडते ते पहिल्यांदा दिसलेल्या परिणामावरून. निरोपाचा अर्थ मात्र तो कोणाला मिळतो, केव्हा मिळतो आणि किती मिळतो ह्यावर ठरतो. 'पाणी सोडा' हा निरोप पेरणीनंतर पोचला तर पीक तरारते, आणि कापूस फुटल्यावर पोचला तर नासाडी होते.

असाच दुसरा एक घटक आहे, 'एफजीएफ-५'. हाही नावाने वृद्धिघटकच. त्याचे काम मात्र वाढत्या केसाला 'आता पुरे' असे सांगणे हे आहे. १९९४ मध्ये शास्त्रज्ञांनी ह्या घटकाचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले, तर त्यांचे केस नेहमीपेक्षा बरेच लांब वाढले. झुपकेदार कुत्र्यांच्या अनेक जातींत ह्याच जनुकात बिघाड असतो. झरीच्या त्या मुलाला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सर, पत्रकात कोणता फॅक्टर ते लिहायला पाहिजे होतं." मुलगा हुशार आहे.

अर्थात खरोखर केसाच्या बाजूने काम करणारे घटकही आहेत. रक्तवाहिन्या वाढवणारा 'व्हीईजीएफ' हा एक. केस वाढत असताना मुळाभोवती बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. उंदरांच्या केशपुटकांत हा घटक मुद्दाम जास्त तयार करवला, तेव्हा केस जाड झाले आणि लवकर वाढले, असे २००१ मध्ये दिसून आले. 'आयजीएफ-१' हा घटक केसाला वाढीच्या अवस्थेत टिकवून धरायला मदत करतो. उपचाराची आशा ह्या निरीक्षणांवर उभी आहे आणि ती पोकळ नाही.

गोफण आणि रक्त

हे घटक आणायचे कोठून? आपल्या रक्तातच त्यांची कोठारे आहेत. रक्तपट्टिका, म्हणजे डेंगी झाल्यावर ज्यांची संख्या घरोघरी विचारली जाते त्या प्लेटलेट्स, जखम झाल्यावर रक्त गोठवतात आणि त्याच वेळी आपल्या पोटातले अनेक वृद्धिघटक मोकळे करतात. जखम भरून येते त्यात त्यांचा मोठा वाटा असतो. तेव्हा माणसाचेच थोडे रक्त काढायचे, त्यातल्या रक्तपट्टिका एकत्र गोळा करायच्या आणि बारीक सुईने डोक्याच्या कातडीत टोचायच्या, असा हा उपचार आहे. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पीआरपी' म्हणतात. पत्रकातला 'ग्रोथ फॅक्टर उपचार' बहुतेक वेळा हाच असतो.

आता माझ्या विषयात आलो. रक्तपट्टिका वेगळ्या करतात कशा? हुरड्याच्या दिवसांत पाखरे हाकलायला तुम्ही गोफण फिरवली असेल. दोरी १ मीटर आणि सेकंदाला २ फेरे धरले, तर धोंड्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या साधारण १६ पट येते. सूत्र तुम्हाला माहीत आहे: कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. प्रयोगशाळेतले अपकेंद्री यंत्र म्हणजे अशीच गोफण. त्रिज्या फक्त १० सेंटिमीटर, पण मिनिटाला ३००० फेरे. गणित करून पाहा. उत्तर गुरुत्वत्वरणाच्या १००० पट येते. दूध डेअरीत साय वेगळी काढणारे यंत्रही ह्याच तत्त्वावर चालते.

द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तांबड्या पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, रक्तपट्टिकेचा २ ते ३. व्यास तिपटीच्या आसपास, म्हणून वेग नऊपटीच्या आसपास. (तांबड्या पेशी चपट्या असतात, तेव्हा हे गणित ढोबळच समजा.) म्हणून आधी यंत्र हळू फिरवतात, तांबड्या पेशी तळाशी जातात, रक्तपट्टिका वरच्या पिवळसर रक्तद्रवात तरंगत राहतात. तो वरचा भाग काढून पुन्हा जोरात फिरवला की आता रक्तपट्टिका खाली बसतात. थोड्या रक्तद्रवात त्या कालवल्या की त्यांचे प्रमाण नेहमीच्या तिप्पट ते पाचपट होते.

येथेच ह्या उपचाराची दुखरी बाजू आहे. यंत्र किती वेगाने, किती वेळ फिरवायचे, किती वेळा टोचायचे, किती महिन्यांनी, ह्याची सर्वमान्य रीत अजून ठरलेली नाही. एका दवाखान्यातली 'पीआरपी' आणि दुसऱ्यातली 'पीआरपी' ही नावाने एक असली तरी कुपीत निराळी असू शकते.

मग तिचा उपयोग होतो की नाही? चांगली चाचणी अशी करतात: त्याच माणसाच्या अर्ध्या डोक्यात औषध आणि उरलेल्या अर्ध्यात नुसते मिठाचे पाणी टोचायचे. नुसते 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो का चालत नाहीत? कारण केस गळणे ऋतूप्रमाणेही कमीजास्त होते. आणि नुसत्या सुईच्या टोचण्यानेही बारीक जखमा होऊन तेथील पेशी थोडेफार निरोप सोडतात. इटलीतून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत औषधाच्या बाजूला केसांची संख्या वाढलेली मोजली गेली. मात्र वर्षभरानंतर काहींचे केस पुन्हा गळू लागले. इतर चाचण्यांचा सूरही बराचसा असाच आहे: विरळ होऊ लागलेल्या केसांना काही काळ मदत होते, सर्वांना सारखी होत नाही, आणि तुळतुळीत झालेल्या जागी फारशी आशा नसते.

डोक्याला चोळायच्या तेलात किंवा पाण्यात 'वृद्धिघटक आहेत' असे कोणी सांगितले, तर वजन विचारा. कातडीतून सहज आरपार जाणारे रेणू साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा हलके असतात. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा. कोहेन ह्यांचा तो घटक सुमारे ६००० डाल्टनचा. चाळणीच्या भोकापेक्षा दाणा मोठा असेल तर तो वरच राहणार.

गळण्याचे कारण एक नसते

पुरुषांना वंशपरंपरेने पडणाऱ्या टकलात काही विशिष्ट जागची मुळे एका संप्रेरकाला जास्त प्रतिसाद देतात. दर हंगामात केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, शेवटी डोळ्यांना दिसेनासा होतो. वृद्धिघटकांची मदत होते ती ह्या वाटेवर लवकर गाठले तर. पण केस गळण्याच्या दुसऱ्याही वाटा आहेत, आणि तेथे सुईची गरजच नसते.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये काय घडले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील माणसांच्या डोक्याला खाज सुटली आणि तीन-चार दिवसांत केस हातात येऊ लागले. अठरा गावांत मिळून अडीचशेहून अधिक लोकांना हा त्रास झाला. त्यात बाया होत्या, शाळकरी मुले होती. लोकांनी 'टक्कल व्हायरस' असे नावही ठेवून टाकले. आधी संशय पाण्यावर गेला, नंतर बुरशीवर. विंचूदंशावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर ह्यांनी गावांत जाऊन नमुने गोळा केले आणि २०२५ मध्ये असे मांडले की, रेशनच्या गव्हात सेलेनियम फार होते आणि रुग्णांच्या रक्तातही ते जास्त सापडले.

आवर्तसारणी उघडा. सोळाव्या गणात गंधकाच्या लगेच खाली सेलेनियम बसले आहे. केस ज्या केराटिन प्रथिनाचा बनतो, त्याचे धागे गंधकाच्या पुलांनी एकमेकांना जखडलेले असतात. सेलेनियम शरीराला अगदी थोडे लागते. जास्त झाले की ते गंधकाच्या जागा बळकावते आणि धागा ठिसूळ होतो. नखेही त्याच प्रथिनाची, म्हणून तीही जातात. चीनच्या एन्शी भागात १९६०च्या दशकात असेच केस आणि नखे गळाली होती. पंजाबात होशियारपूर-नवांशहराकडच्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे मृदाशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. शेगावच्या अनेक लोकांना काही आठवड्यांतच नवे केस दिसू लागले. मुळे शाबूत होती. विष थांबताच कारखाना सुरू झाला. त्या दिवसांत कोणी तेथे जाऊन महागडी कुपी विकली असती, तर सगळे यश कुपीला मिळाले असते!

लोहाच्या कमतरतेनेही केस गळतात, आणि मुलींमध्ये हे फार आढळते. (परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण आला. भाकरीचा आणि केसांचा असाही संबंध आहे.)

आता ते तीन महिने. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण असा धक्का बसला की शरीर काटकसर करते आणि पुष्कळशा केसांना एकदम विश्रांतीला पाठवते. ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिने अडकून राहतात आणि मग सगळे मिळून गळतात. तोवर ताप विसरलेला असतो.

झरीच्या मुलाला मी विचारले, "दादाला उन्हाळ्यानंतर काही आजार झाला होता का रे?"

तो थोडा वेळ आठवत राहिला. "श्रावणात टायफॉईड झालता, सर. दहा दिवस अंथरुणावरच होता."

श्रावण, भाद्रपद, आश्विन. मी बोटे मोजली, त्यानेही मोजली. पण बोटे मोजून निदान होत नाही, म्हणून दोघा भावांना सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोग विभागात पाठवले. तेथील डॉक्टरांनी पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली. दहा-बारा केस हातात आले, सगळ्यांच्या टोकाला पांढरी गाठ. कपाळाजवळ आणि टाळूवर केस बारीक झालेले नव्हते. त्यांनी रक्त तपासायला सांगितले, लोह कमी निघाले, त्याच्या गोळ्या दिल्या आणि सहा महिने वाट पाहायला सांगितले.

दादाचे पैसे अजून घरातच आहेत, पण पत्रकही घरातच आहे, असे मुलगा सांगतो. आईचे म्हणणे, लग्न तोंडावर आले तर थांबायचे कसे? त्यावर माझ्याकडे सूत्र नाही. मुलगा मात्र रोज सकाळी भावाच्या उशीवरचे आणि कंगव्यातले केस मोजून वहीत लिहितो. पहिल्या दिवशी २६० होते. परवा १७० भरले. आलेख कागदावर काढायला मी त्याला सांगितले आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगायची राहिली. १९९९ मध्ये इंग्लंडातील एका पुरुष शास्त्रज्ञाच्या डोक्यातील केशपुटकांच्या तळाकडच्या थोड्याशा पेशी एका स्त्री शास्त्रज्ञाच्या हातावर रोवल्या, आणि तेथे नवे जाड केस उगवले. त्या दोघांचे एकमेकांशी लग्न झालेले होते, हे विशेष. म्हणजे निरोप बाहेरून टोचण्याऐवजी निरोप देणाऱ्या पेशीच नेऊन बसवता येतील! पण अशा पेशी ताटलीत वाढवल्या की त्या पसरट होतात आणि आपली विद्या विसरतात. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या द्रवाच्या उलट्या लोंबत्या थेंबात वाढवून पाहिल्या. गुरुत्वाकर्षणाने पेशी थेंबाच्या टोकाशी जमल्या, त्यांचा पुन्हा गोळा झाला आणि विसरलेली विद्या त्यांना थोडी आठवली. त्यांपैकी काही गोळ्यांनी माणसाच्या कातडीत नवी केशपुटके उगवून दाखवली. आता काम अडले आहे ते 'थोडी'चे 'पुरेशी' करण्यात.